आधी प्रश्न विचार

"टेबल खिडकीशी घे. उजेड डावीकडून हवा," मेकॅनिक खाटेवरूनच म्हणाला.

बायकोने टेबल ओढलं. "डावीकडूनच का?"

"पाना धरून बघ. कळेल."

तिने धरला. "उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही."

पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान त्याला बंद करावं लागलं होतं. अंगात त्राणच उरलं नव्हतं. तीही सारखी दमायची, म्हणून दोघांनी एकदमच तपासण्या केल्या. रिपोर्ट आणायला ती एकटी गेली. परतली ती चपलांसकट उंबऱ्यातच बसली.

"रिपोर्ट चांगला नाही," एवढंच म्हणाली.

तो भिंतीकडे तोंड करून पडला. जेवण नाही, बोलणं नाही. शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "मला काम शिकवा. पुढे लागेल."

'पुढे' हा शब्द त्याच्या वर्मी लागला. पण तो उठून बसला.

त्याच्या उस्तादाने त्याला चापट्या मारून शिकवलं होतं. प्रश्न विचारायची सोय नव्हती. हिला तसं शिकवायचं नाही, असं त्याने ठरवलं.

"पंखा फिरत नाही," ती म्हणाली.

"ही तक्रार झाली. प्रश्न विचार."

"वीज येते का?"

"येते."

"हाताने ढकलला तर फिरतो?"

"फिरतो."

"मग पहिला धक्का द्यायचं काम कोणाचं?"

"कंडेन्सरचं!" किती तरी दिवसांनी तो हसला.

हळूहळू तिचा हात बसला, पण अंगावरचं मांस झडत गेलं. जेवताना दोन घास खाऊन ती ताट सारायची. माझ्या काळजीने पोखरली बिचारी, तो मनाशी म्हणायचा. टेबलावर वाकलेली तिची मान बघून त्याला भडभडून यायचं. एवढ्या मोठ्या जगात ही एकटी कशी निभावणार?

पुढच्या तपासणीच्या वेळी दवाखान्यात ती औषधं घ्यायला खाली गेली, तेव्हा तो डॉक्टरांच्या खोलीत शिरला.

"डॉक्टर, माझी बायको आता मिक्सरसुद्धा खोलते. माझ्या माघारी तिचं अडणार नाही. आता खरं सांगा, किती दिवस उरलेत माझे?"

डॉक्टरांनी उठून दार लोटलं.

"तुम्हाला अशक्तपणा सोडला तर काहीही झालेलं नाही," ते हळूच म्हणाले. "रिपोर्ट कोणाचा, हे तुम्ही त्यांना विचारलंच नाही?"