उखर्डूची स्कॉलरशिप

पाठोपाठ मुलं दगावली, म्हणून सोनगीरच्या तानुबाईने हा पोरगा जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचलला. यमाला किळस यावी आणि त्यानं याला सोडून द्यावं, म्हणून नाव ठेवलं उखर्डू.

पुण्याच्या कॉलेजात त्याला स्कॉलरशिप मिळाली. भर सभेत हे नाव पुकारतील, या लाजेनं त्यानं आधीच ते बदलून प्रभाकर करून घेतलं. आईला सांगायचं राहूनच गेलं.

एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत त्याचा कॉलेजातला सोबती गावी आला. दारातच रडत म्हणाला, "माय, तुमचा प्रभाकर गेला हो."

तानुबाईने त्याला पाणी दिलं. "तू घर चुकना, भाऊ. मना पोऱ्यानं नाव उखर्डू शे."

मग तिचेही डोळे भरून आले.



"त्या प्रभाकरनी मायले आते कोन सांगी?"