कलावतीचा पट्टा

सरकारी सलाईन कारखान्यात कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं, हे आता मनगटावरचा पट्टा ठरवत असे. बाटली उजेडात धरून तपासली की पट्टा ती मोजायचा.

कलावती दोन महिन्यांपासून कामगारांच्या दवाखान्यात होती. तिची नोकरी टिकावी म्हणून हौसाबाई, शकीला आणि रंजना स्वतःचा पट्टा काढून आळीपाळीने तिचा घालत. एक दमली की दुसरी.

सोमवारी साहेबांनी दारावर कागद लावला. पट्ट्यांच्या आकड्यांनुसार विभागाला एकटी कलावती पुरेशी आहे. बाकी तिघी उद्यापासून अतिरिक्त. हरकत असल्यास जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळवावे.

"आजारी बाईला आपणच पैलवान केलं की गं!" शकीला म्हणाली.

"साहेबांना खरं सांगूया," रंजना म्हणाली.

"सांग. तिला आजच काढतील," हौसाबाई म्हणाली. "नोकरी गेली की दवाखान्यातली खाटही गेली."

तिघींनी डबे खाल्ले. मग 'हरकत नाही' असं लिहून सह्या केल्या.

फाटकापाशी रंजना थांबली. "मावशी, उद्या तिचा पट्टा कोण घालणार?"

हौसाबाईने तिच्याकडे पाहिलं. तोवर फाटक उघडलं होतं. तिघी बाहेर पडल्या.