भरवायचा चमचा

वृद्धाश्रमातली शेवटची पाळी संपवून नर्सिंगच्या मुली तशाच एप्रनमध्ये वर्गात आल्या. महिन्याभराच्या अनुभवाचे आज गुण मिळणार होते. एकीनं डायरीचं पहिलं पान वाचून दाखवलं: “इथली मावशी एकच चमचा एप्रनला पुसपुसून पाच आजोबांना भरवते. शिसारी आली. बाहेर जाऊन ओकले. मेले तरी असं करणार नाही.” “शाब्बास!” म्हणत मॅडमनी आश्रमाचा तिच्यावरचा शेरा वाचला: “आधी फार नाक मुरडायची. आता दहा मिनिटांत पाच तोंडं उरकते.” तिचे कान तापले. तेवढ्यात मॅडमचा चहा आला. “साखर तळालाच बसलीय. चमचा आहे का गं?” तिनं खिशातला चमचा एप्रनला पुसून दिला. मॅडमनी चहा ढवळला, चमचा चाटून परत केला. “बोल, काय शिकलीस?” तिच्या घशाशी कडू पाणी आलं. हातानं मात्र चमचा पुसून खिशात टाकलासुद्धा होता.