डावीकडचा फोटो

सूर्यभानने दोन्ही फोटो बनुबाईच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "आता तुमीच सांगा. ह्यातलं कोनतं मशीन घ्यायचं?"

राहात्यातला त्याचा स्टुडिओ घराच्याच पुढच्या खोलीत होता. तिथल्या खिडकीपाशी बनुबाई बावीस वर्षं बसत आली होती. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे डाग काढायचे, मोठ्या फोटोवर पडलेले पांढरे ठिपके बारीक ब्रशने बुजवायचे, हे तिचं काम. रंगीत फोटो आल्यापासून ते निम्म्यावर आलं होतं. उरले होते ते भिंतीवर लावायचे मोठे, काळे-पांढरे फोटो. बहुतेक गेलेल्या माणसांचे.

आता सूर्यभानचा मुलगा पंकज नाशिकहून कॉम्प्युटर शिकून आला होता. मोठे फोटो घरातच छापणारं मशीन घ्यायचं त्याने बापाच्या गळी उतरवलं होतं. नाशिकच्या दोन दुकानांतून, दोन वेगळ्या मशीनवर, त्याने एकच फोटो नमुना म्हणून छापून आणला होता. अस्तगावची कडूबाई, बनुबाईच्या पाहण्यातली, महिन्यापूर्वी वारलेली. तिच्या मुलांना मोठा फोटो हवा होता.

"मला तर दोनी सारकेच दिसत्यात," सूर्यभान म्हणाला.

बनुबाईने उजवीकडचा फोटो उचलून उजेडात धरला. तिला भिंग लागलंच नाही.

"ह्याचा काळा हिरवट हाय. पदर बघा. आन् कपाळावर ह्या बारीक रेघा हायेत ना, ह्या म्हातारीच्या न्हाईत. मशीनच्या हायेत."

पंकज वाकून बघत राहिला. "आम्हाला दिसल्याच नव्हत्या, मावशी."

मग तिने डावीकडचा घेतला. उजेडात धरला, तिरपा केला, भिंग लावून गालावरून, डोळ्यांवरून, कानाच्या पाळीवरून फिरवलं. पांढऱ्या केसांतला एकेक केस सुटा दिसत होता. पदराचा काळा रंग खरोखर काळा होता. बनुबाई पुन्हा कपाळापासून सुरुवात करून खाली आली. तिला खोट सापडायला हवी होती आणि ती सापडत नव्हती. शेवटी तिने बोट जिभेला लावलं आणि फोटोच्या कोपऱ्यावर टेकवलं. शाई फिसकटली. बोटाला काळं लागलं.

"पान्यानं जातोय," ती म्हणाली. "ह्याच्यावर ब्रश चालायचा न्हाई."

सूर्यभानचा चेहरा उतरला. "मंग नको घ्यायला?"

पंकज बनुबाईकडे बघत राहिला.

फोटोच्या बाबतीत सूर्यभानने तिचा शब्द आजवर मोडला नव्हता. एकदा ती नुसती म्हणाली होती की नवा कागद मळकट वाटतोय, तर त्याने अख्खा खोका दुकानदाराला परत नेऊन दिला होता. आता ती 'नको' म्हणाली असती, तर मशीन वर्षभर तरी आलं नसतं. कदाचित दोन वर्षं. बनुबाईने बोटाचं काळं लुगड्याला पुसलं. समोर कडूबाई होती, स्वच्छ, कधी नव्हे इतकी जवळ.

"काचंत बसवल्याव पानी कुठून लागतंय?" ती म्हणाली. "डावीकडचं घ्या."

सूर्यभानने मोठा श्वास सोडला. पंकज हसला. तो फोटो उचलायला आला तेव्हा तिने फोटोच्या काठावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"हिच्या हनुवटीवरचं गोंदान कुठं गेलं?"

"ते ठिपके?" पंकज म्हणाला. "डाग वाटले मला. कॉम्प्युटरवर पुसून टाकले."

"डाग न्हाई, बाबा. पोरं आईला वळखायची न्हाईत."

पंकज कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला. बनुबाई त्याच्या मागे उभी राहिली. पडद्यावर कडूबाईची हनुवटी ताटाएवढी झाली आणि तिच्यावर तीन ठिपके उमटले.

"असं?"

"लई गडद झालं. म्हातारपनी गोंदान फिकं पडतं. हां, आजून थोडं. मधला जरा खाली घे. आता बरूबर हाय."

"झालं," पंकज म्हणाला. मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

"आता आमाला काळजी न्हाई," सूर्यभान म्हणाला आणि नाशिकला फोन लावायला आतल्या खोलीत गेला. फोनवर तो मशीनचं नाव दोनदा चुकला. शनिवारी या, म्हणून त्याने सांगितलेलं बाहेर ऐकू आलं.

त्या दिवशी टेबलावर दुसरं काम नव्हतं. बनुबाईने भिंग पुसलं. पेन्सिलींची टोकं तासली, सगळ्यांची, आणि त्या डब्यात घातल्या. पाच वाजता उठून ती दाराशी गेली, चप्पल पायात सरकवली आणि तिथेच थांबली. सूर्यभान काउंटरवर त्या फोटोकडे कौतुकाने बघत बसला होता.

"भाऊ, उद्या येऊ ना?"

बावीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. सूर्यभानने मान वर केली. तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा हातातल्या फोटोकडे.

"या की," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, हळू आवाजात, "मधनंआधनं चहाला येत जा."