जसंच्या तसं

त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि वणीच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्याच येईनात. तिथल्या ऑफिसात कम्प्युटरवर बसणाऱ्या केतकीला काम उरलं नाही, म्हणून ती दिवसभर ऑनलाइन गेम खेळायची. गेममधल्या तलवारबाज बाईला तिनं स्वतःचंच नाव दिलं होतं आणि लढाया जिंकत जिंकत तिला पार वरच्या लेव्हलला नेऊन बसवलं होतं. मग जिनिंगला कुलूप लागलं, आणि घरच्यांनी केतकीचं लग्न उरकून तिला आर्णीला धाडलं.

सासरी कम्प्युटर होता. "पण माझा सगळा खेळ तिकडच्या कम्प्युटरवरच राह्यला ना," ती रडवेली होऊन नवऱ्याला म्हणाली.

अभिषेक हसला. "काहून घाबरते? जुनं नाव टाक, पासवर्ड टाक. कोणत्याही घरी गेली तरी सारं जसंच्या तसं येते."

खरंच आलं. घोडा, ढाल, जिंकलेला किल्ला, आणि तलवार परजून उभी असलेली केतकी.

"सुहासिनी, चहा मांड वं!" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी हाक मारली. केतकी खेळतच राहिली. पुन्हा हाक आली.

"अवं, आई तुलेच आवाज देऊन राह्यली," अभिषेक म्हणाला. "लग्नात तांदळात लिहिलं नव्हतं का मी तुहं नवं नाव?"

ती उठली.



चहाला उकळी येईस्तोवर, बराच वेळ कोणी हात लावला नाही म्हणून, गेमनं केतकीला आपोआप बाहेर काढलं.