खात्रीचा ग्रुप

अल्बमचं सॉफ्टवेअर सेव्ह करताना दरवेळी बंद पडत होतं आणि नवरीच्या घरून फोनवर फोन येत होते. पण फोटो स्टुडिओवाले काका म्हणजे ताकही फुंकून पिणारे. मदतीच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरले की आधी ते स्वतःला उत्तर येत असलेलाच एक प्रश्न टाकायचे. उत्तर चुकलं, तर "मला येतं याचं उत्तर, भामट्यांनो!" असं सुनावून बाहेर. बरोबर आलं, तर "इतक्या पटकन? नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे," म्हणून बाहेर.

"अहो, खरी अडचण विचारा की एकदाची!" काकू वैतागल्या.

"आधी पारख, मग विश्वास."

शेवटी एक ग्रुप मनासारखा सापडला. जाहिराती नाहीत, आगाऊपणा नाही, नवख्यालाही लोक शांतपणे समजावून सांगत होते. काकांनी पहिल्यांदाच खरी अडचण लिहिली.

मिनिटभरात उत्तर आलं. सोबत काकांचाच हसरा प्रोफाइल फोटो होता.



"सावधान! उत्तरं माहीत असून प्रश्न विचारत या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरणारा तो हाच. नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे, कुणीही उत्तर देऊ नये."