पांगुळगाडा

सुतारआजोबा नातीसाठी पांगुळगाडा घडवत होते. “सात वर्षांच्या घोडीला पांगुळगाडा?” आजी हसली. “अगं, मंगळावर जन्मलेली पोर ती. तिथं माणूस पिसासारखा हलका. इथं उतरली की तान्ह्यासारखी पहिलं पाऊल टाकायला शिकेल.” तिथं पोरं वेलीसारखी उंच वाढतात, म्हणून लेकानं कळवलेल्या मापानं दांडी आजोबांच्याच कमरेला लागत होती. शेवटचं चाक बसलं, तेवढ्यात लेकाचा निरोप आला. “बाबा, डॉक्टर नाही म्हणाले. तिची हाडं पृथ्वीवर तिचाच भार पेलणार नाहीत. आता येणं राहिलंच.” निरोपातच लेकाच्या मागून नातीचा आवाज आला, “आजोबा, माझी गाडी ठेवा हं.” उत्तर पोचायला वीस मिनिटं लागायची. आजोबांनी ‘ठेवतो गं’ एवढंच पाठवलं. उठताना गुडघे लटपटले. आजीनं पांगुळगाडा पुढे सरकवला. आजोबांनी दांडी धरली आणि अंगणात पहिलं पाऊल टाकलं.